अननसाच्या कुळातील झाडे : घरगुती संग्रह व जोपासना

घरी आणलेल्या अननसाचे फळ खाल्ले जाते आणि त्याच्या माथ्यावरील हिरवा तुरा उकिरड्यावर टाकला जातो. हा तुरा म्हणजे एक सबंध झाडच होय. तो नीट लावला तर त्यास मुळे फुटतात व यथाकाल त्यावर फळही धरते. ह्याच अननसाच्या जवळच्या आप्तांपैकी काही रंगीत पानांची झाडे शहरांतील रोपवाटिकांत बऱ्याच किमतीस विकली जातात. वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथील हौशी कुटुंबे ती नागपुराहून आणतात आणि बहुधा पहिल्याच मे महिन्यात गमावून बसतात. दोष झाडाचा नसतो. ह्या कुळाची राहणी इतर झाडांहून निराळी आहे व ती समजून न घेता त्यांस गुलाब-मोगऱ्याप्रमाणे वागविले जाते, हे त्याचे कारण होय.

वर्धा जिल्ह्यात अननसाची शेती करावी असे येथे सुचवावयाचे नाही. ते पीक कोकण, केरळ व ईशान्य भारत ह्या दमट प्रदेशांचे. येथे विचार करावयाचा आहे तो ओसरीवरील दहा-बारा कुंड्यांचा.

कुळाची ओळख

ह्या कुळास शास्त्रात ब्रोमेलिएसी असे नाव असून त्यात तीन हजारांहून अधिक जाती आहेत. पश्चिम आफ्रिकेतील एक जात सोडली तर सर्वांचे मूळ स्थान अमेरिका खंडात आहे. कोलंबसाच्या लोकांनी १४९३ साली ग्वादेलूप बेटावर अननस प्रथम पाहिला. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात तो भारतात आणला, आणि दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे त्याचे नावही त्यांच्याच मुखातून मराठीत आले. फिलिपाइन्समध्ये अननसाच्या पानांच्या धाग्यापासून तलम वस्त्र विणतात. अमेरिकेत झाडांवरून दाढीसारखी लोंबणारी टिलँडसियाची एक जात पूर्वी गाद्या व मोटारींच्या बैठका भरण्यास वापरीत असत. हिंगणघाटच्या कापसाच्या मुलखात ह्याचे नवल वाटावे.

ह्यांतील पुष्कळ जाती रानात जमिनीवर न वाढता झाडांच्या फांद्यांवर राहतात. त्यामुळे आंब्यावरील बांडगुळाची आठवण होऊन शेतकऱ्यास शंका येते की, ही झाडे आंब्याला वा संत्र्याला शोषून घेतील. ही शंका निराधार आहे. बांडगूळ आपली मुळे फांदीच्या आत घुसवून रस ओढते. अननस कुळातील झाडे फांदीचा केवळ आधार घेतात व अन्नपाणी वरच्यावर मिळवितात. अशा वनस्पतींस अपिवनस्पती म्हणतात. आंबा, मोह आदी झाडांवर निळसर-तपकिरी फुलांची रास्ना आढळते, तीही ह्याच रीतीने जगणारी.

वरच्यावर अन्नपाणी मिळविण्याची त्यांची योजना मोठी कुशल आहे. पाने बुडाशी एकमेकांस घट्ट बिलगून मध्ये द्रोणासारखा आकार होतो. त्यात पावसाचे पाणी, पालापाचोळा व कीटकांचे अवशेष साठतात, आणि पानांवरील सूक्ष्म शल्के हे पोषक पाणी शोषून घेतात. मुळांचे काम मुख्यतः धरून ठेवण्याचे. ज्या जातींस द्रोण नसतो, त्यांची पाने शल्कांमुळे राखाडी दिसतात व हवेतील दव टिपतात. अननस व त्याचे अनेक आप्त दिवसा पानांची रंध्रे मिटून ठेवतात व रात्री उघडतात. त्यामुळे दुपारच्या झळेत त्यांच्यातून पाणी फारसे उडून जात नाही. वर्ध्याच्या उन्हाळ्यात ती तगू शकतात ह्याचे हेच रहस्य होय. मात्र तगणे निराळे आणि कोवळ्या पानांवर थेट ऊन सोसणे निराळे.

येथील तीन अडचणी

पहिली अडचण उन्हाची. मे महिन्यात जिल्ह्यातील पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा पश्चिमेचे ऊन एक दुपार जरी लागले तरी पानांवर करपल्याचे पांढुरके चट्टे उठतात व ते पुन्हा जात नाहीत. सबब कुंड्या उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या ओसरीवर ठेवाव्यात. सकाळचे कोवळे ऊन हितकारक असते. ते न मिळाल्यास रंगीत जातींचा रंग फिका पडतो. शेडनेट उपलब्ध असल्यास उत्तम, परंतु त्यासाठी खर्च करण्याची निकड नाही. शेतात सहज मिळणाऱ्या तुराट्या-पऱ्हाट्यांचा विरळ मांडव तेच काम करतो. पिण्याच्या पाण्याचे माठ जेथे असतात तेथील गारवा ह्या झाडांना फार मानवतो. कूलरचा झोत मात्र झाडावर थेट येऊ देऊ नये. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. त्या दिवसांत द्रोण जवळजवळ कोरडे ठेवावेत व नाजूक जाती घरात घ्याव्यात.

दुसरी अडचण मातीची. जिल्ह्याची काळी जमीन कापूस, सोयाबीन, तूर ह्यांसाठी चांगली. परंतु ती पाणी धरून ठेवते व तीत चुनखडीचे प्रमाण बहुधा अधिक असते. अननसास आम्लधर्मी व निचऱ्याची जमीन लागते. चुनखडीच्या जमिनीत त्यास लोह मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात. म्हणून कुंडीत काळी माती घालूच नये. विटांचे लहान तुकडे वा बारीक खडी दोन भाग, नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन भाग आणि चाळलेले जुने पालापाचोळ्याचे खत एक भाग असे मिश्रण करावे. सोडणाचे तुकडे वापरण्यापूर्वी दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवावेत, म्हणजे त्यांतील क्षार निघून जातात. कुंडीच्या बुडाचे छिद्र खापरीने झाकावे. ते बुजू देऊ नये.

तिसरी अडचण पाण्याची, व तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ह्या भागातील विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. पाणी तापविण्याच्या भांड्यात पांढरा थर धरत असेल तर त्या घरी पाणी जड आहे असे समजावे. द्रोणातील असे पाणी आटत गेले म्हणजे क्षार मागे राहतात व पानांच्या कडा जळतात. ह्या झाडांसाठी पावसाचे पाणी सर्वोत्तम. जिल्ह्यात वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी वाहू देऊन नंतरचे पागोळ्यांचे पाणी पिंपात भरावे. पिंपाच्या तोंडास दुपदरी फडके घट्ट बांधणे अत्यावश्यक आहे. साठविलेले पाणी संपल्यावर उकळून निवविलेले वरचे नितळ पाणी वापरता येते.

तुऱ्यापासून अननस

ज्यास ह्या कुळाचा काहीच अनुभव नाही, त्याने विकतचे झाड न आणता प्रथम अननसाचा तुरा लावावा. तुरा पिळून फळापासून वेगळा करावा व त्यास चिकटलेला गर पूर्णपणे काढावा, अन्यथा तो कुजतो. बुडाकडील लहान पाने सोलून दोन-तीन सेंटिमीटर दांडा उघडा करावा आणि तुरा उलटा टांगून चार-पाच दिवस सावलीत सुकू द्यावा. ही सुकवण बहुतेक लोक गाळतात, व तेथेच त्यांचा प्रयत्न फसतो. नंतर वरील मिश्रणात तो घट्ट बसवावा. जून अखेर ते जुलै हा काळ ह्या कामी उत्कृष्ट.

मुळे धरल्यानंतर अननसास वर सांगितलेल्या आप्तांपेक्षा अधिक ऊन चालते; मार्च ते जून एवढी सावली द्यावी. पाने पिवळी पडू लागल्यास एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून सायंकाळी फवारावे. हवाई बेटांतील अननसाच्या मळ्यांत हाच उपाय विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आला. तुऱ्याच्या झाडास फळ येण्यास दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. कुंडीतील फळ लहानच असते. क्यू जातीच्या पानांना काटे जवळजवळ नसतात व क्वीन जातीच्या पानांना ते तीक्ष्ण असतात, हे घरात लहान मुले असल्यास ध्यानात ठेवावे.

संग्रहासाठी जाती

एक झाड दोन उन्हाळे जगविल्यानंतर संग्रहाकडे वळावे. आरंभास बिलबर्जिया घ्यावी. ती काटक असून तिचे फुटवे भराभर वाढतात. नंतर रुपेरी पट्ट्यांची व गुलाबी फुलोऱ्याची एक्मिया आणि फुलण्याच्या वेळी मधली पाने लाल करणारी निओरेजेलिया घ्यावी. दुकानात सर्वांत आकर्षक दिसते ती गुझमानिया. तिला दमट हवा लागते व येथील उन्हाळ्यात तीच प्रथम दगावते. सबब ती शेवटी घ्यावी, किंवा घेऊच नये. जमिनीलगत चांदणीसारखे पसरणारे क्रिप्टॅन्थस व काटेरी डिकिया ह्यांस पाणी साठविणारा द्रोण नसतो. टिलँडसियास माती लागतच नाही. तिला लाकडाच्या तुकड्यास सुतळीने बांधून टांगावे, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड सकाळी पाण्यात बुडवावे व उलटी धरून निथळू द्यावे. तिच्या बुडाशी पाणी साचून राहिले तर ती कुजते.

प्रत्येक कुंडीस नाव, कोठून आणले ते व तारीख लिहिलेली पट्टी लावावी. त्यावाचून संग्रहास अर्थ नाही. परदेशी राहणाऱ्या आप्तांकडून सामानात दडवून झाडे आणण्याचा मोह टाळावा. वनस्पती संगरोध आदेश, २००३ अन्वये आयात परवाना व मूळ देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र ह्यांवाचून झाड देशात आणता येत नाही. अशा झाडाबरोबर एखादी नवी कीड आली तर ती ओसरीवरच थांबेल असे नाही.

द्रोणातील पाणी आणि डेंग्यू

हा भाग ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. डेंग्यू पसरविणारा एडिस डास गटारात अंडी घालीत नाही. त्यास स्वच्छ साचलेले पाणी लागते. ह्या झाडांचा द्रोण त्यास नेमका सोयीचा आहे. अमेरिकेतील मायामी येथे २०१६ साली झिका रोगाचा प्रादुर्भाव झाला तेव्हा शोभेसाठी लावलेल्या ह्याच झाडांच्या द्रोणांत एडिसच्या अळ्या सापडल्या होत्या. पाण्याची उघडी पिंपे, टायर व कूलरच्या टाक्या ह्यांतून निपजणाऱ्या डासांची संख्या अर्थातच मोठी असते. परंतु पिंपात लोक डोकावून पाहतात, फुलझाडात कोणी पाहत नाही, आणि ते झाड तर माणसांच्या उठण्याबसण्याच्या जागीच असते.

अंड्यापासून उडता डास तयार होण्यास उबदार हवेत सुमारे आठवडा पुरतो. त्यामुळे गावात पाण्याची भांडी रिकामी करण्याचा जो कोरडा दिवस पाळला जातो, त्याच दिवशी प्रत्येक द्रोण धुवावा; पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा धुतल्यास अधिक निर्धास्तपणा राहील. केवळ कुंडी तिरपी करून भागत नाही. चाहूल लागताच अळ्या पानांच्या बेचक्यांत खोल जातात. कुंडी आडवी धरून नळीच्या वा पिचकारीच्या जोरदार धारेने प्रत्येक बेचके धुवावे व ते पाणी कोरड्या मातीवर पडू द्यावे. अळ्या तेथे मरतात. अंडी मात्र पानांस चिकटून राहतात व पुष्कळ दिवस कोरडी राहूनही पुन्हा पाणी मिळताच उबतात, म्हणून हे काम एकदा करून संपत नाही. रॉकेल किंवा तेल ओतू नये. त्याने शल्के बुजून झाड मरते. कुंड्या अनेक असल्यास ‘बीटीआय’ हे अळ्या मारणारे जिवाणूयुक्त औषध वेष्टनावरील प्रमाणात वापरता येते. ज्या घरी हे काम नियमाने होणार नाही, तेथे टिलँडसिया, क्रिप्टॅन्थस व डिकिया एवढ्याच जाती ठेवाव्यात. शेजारच्या मुलाच्या तापापेक्षा ओसरीची शोभा मोठी नाही.

फुलोरा व पिले

ह्या कुळातील झाड बहुधा आयुष्यात एकदाच फुलते. फुलोरा ओसरल्यावर झाड हळूहळू वाळू लागले की मंडळी ते उपटून टाकतात. वस्तुतः त्याच वेळी बुडाशी पिले धरत असतात व मातृवृक्ष त्यांस पोशीत असतो. पिलू आईच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, शक्यतो निम्मे झाल्यावर धारदार स्वच्छ चाकूने वेगळे करावे.

झाड पूर्ण वाढूनही फुलत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. द्रोण रिकामा करून झाड कुंडीसह प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घालावे, आत दोन पिकी केळी ठेवावीत व पिशवीचे तोंड बांधून ती आठवडाभर सावलीत ठेवावी. पिकत्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो. त्याने फुलोऱ्यास चालना मिळते व दोन-तीन महिन्यांत तो दिसू लागतो. अढीत आंबे पिकतात तेही ह्याच वायूमुळे. लहान झाडावर हा प्रयोग करू नये.

कूज व तांब्याचे विष

मधले पान ओढताच उपटून हाती आले व बुडास दुर्गंधी येत असेल तर झाडास गाभा कुजण्याचा रोग झाला असे समजावे. तो फायटोफ्थोरा बुरशीमुळे होतो. आर्वी-कारंजा भागातील संत्रा बागाईतदारांस ही बुरशी परिचित आहे. संत्र्यावरील डिंक्या तिच्याच वर्गातील बुरशींमुळे होतो. म्हणून संत्र्याच्या बागेतील माती वा पालापाचोळा ह्या कुंड्यांत कदापि घालू नये. डिंक्यावर बोर्डो मलम लावण्याची सवय असल्याने काहीजण येथेही बोर्डो मिश्रण फवारतात. तसे करणे घातक आहे. तांबे ह्या कुळास विषासारखे आहे. बोर्डोचे शिंतोडेही द्रोणात पडू देऊ नयेत व झाड बांधण्यास तांब्याची तार वापरू नये. रोगट झाड काढून नष्ट करावे, कुंडी धुऊन उन्हात तापवावी आणि निरोगी पिलू असल्यास ते नव्या मिश्रणात लावावे. खवले कीड व पिठ्या ढेकूण दिसल्यास सौम्य साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने पुसून नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे.

पिले वेगळी करण्यास जुलैचा पहिला पंधरवडा निवडावा. तेव्हा हवेत ओलावा असतो व सुमारे महिन्याभरात मुळे धरतात. शेजारी किंवा महिला मंडळास पिलू देताना त्याचा द्रोण धुऊन, पालथा करून रिकामा करून द्यावा, आणि कुंडीवरील पट्टीवर नावाखाली तो कोणत्या वारी धुवावयाचा तेही लिहावे.