आधी माझ्या हृदयात, मग लेकराच्या

आजचे वाचन : अनुवाद ६:४-९



आमच्या धाकट्याला मागच्या महिन्यात पाच वर्षे पूर्ण झाली. शब्बाथशाळेत सगळ्यांनी त्याच्यासाठी गाणे म्हटले. तेव्हापासून भेटेल त्याला तो पंजा दाखवतो, "मी पाच वर्षांचा!"

गेल्या शनिवारी आम्ही दोघे नाहूरहून दादरला माझ्या बहिणीकडे निघालो. पाच वर्षे झाली की रेल्वेत मुलाचे अर्धे तिकीट लागते, हे मला ठाऊक होते. पण रांग मोठी होती, आणि मनात आले, एवढासा तर दिसतो! मी माझे एकटीचेच जाण्यायेण्याचे तिकीट काढले आणि जिना चढताना त्याला म्हटले, "टीसीने विचारलं तर चार सांग हं."

टीसी भेटलाच नाही. पण रात्री कौटुंबिक प्रार्थनेला बसलो तेव्हा लेकाने विचारले, "मम्मी, येशूला पण चारच सांगायचं का?"

प्रियांनो, मला उत्तर सुचेना. आठवडाभर मी त्याच्याकडून इफिस ६:१ पाठ करून घेत होते. मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे, हे मी ठासून सांगत होते. पण त्याच वचनात 'प्रभूमध्ये' असा शब्द आहे, तो मी विसरले. माझी आज्ञा प्रभूच्या आज्ञेखाली आहे. लेकराने शनिवारी माझे ऐकले असते, तर देवाचे मोडले असते.

मग मी अनुवादाचा सहावा अध्याय पुन्हा उघडला. मुलांना शिकवण्याची आज्ञा सातव्या वचनात आहे. त्याआधी सहाव्या वचनात देव म्हणतो की, या गोष्टी तुझ्या स्वतःच्या हृदयात असू दे. आपण सहावे वचन ओलांडून थेट सातव्यावर उडी मारतो. शिकवण्यासाठी तिथे जो इब्री शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ धार लावणे असा आहे. सुरीला एका घासण्यात धार येत नाही. म्हणून घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना, असे देव सांगतो. नाहूर स्टेशनचा जिना हीसुद्धा 'वाट'च. त्या जिन्यावर मी धार लावली, पण उलटी.

एली याजकाचे असेच झाले. त्याने मुलांना रागे भरले, हे १ शमुवेल २:२३-२५ मध्ये आहे. तरी त्यांनी ऐकले नाही. पुढे २९ व्या वचनात देव एलीलाही दोष देतो, कारण अर्पणातल्या उत्तम भागावर पुष्ट होणाऱ्यांत तो स्वतःही होता. ज्या ताटात आपण जेवतो, त्याच ताटावरून मुलांना कसे उठवणार?

उलट लक्ष्मीबाई टिळकांचे पाहा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांचा स्वतःचा १९०० मध्ये. पण बाप्तिस्म्याच्या आधीच त्यांनी खाण्यापिण्यातला जातिभेद सोडला होता. देवाने माणसांत भेद केला नाही हे पटल्यावर त्यांनी आधी स्वतःचे वागणे बदलले. १९१९ मध्ये टिळक वारले, 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, तेही त्यांनी पुढे लिहिले. असा विश्वास मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही, तो त्यांना घरात दिसतो.

त्या रात्री मी लेकाला जवळ घेऊन म्हटले, "बाळा, मम्मी चुकली. येशूला पाच सांगायचं, आणि टीसीला पण पाचच." मंगळवारी आम्ही पुन्हा खिडकीवर गेलो. दादरचे जाण्यायेण्याचे अर्धे तिकीट काढले आणि घराकडे वळलो. तो म्हणाला, "गाडीत नाही बसायचं?" मी म्हटले, "शनिवारी बसलो होतो ना, त्याचे पैसे द्यायचे राहिले होते."

ते तिकीट त्याने आपल्या बायबलच्या गोष्टींच्या पुस्तकात ठेवले आहे.

आज स्वतःला विचारू या : माझ्या लेकराला मी असे काही सांगते का, जे प्रभूसमोर सांगता येणार नाही? चुकल्यावर मी त्याची क्षमा मागते का?

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तुझे वचन आधी माझ्या हृदयात कोर. माझ्या लेकराने माझ्यामागे चालताना तुझ्याकडेच पोहोचावे असे कर. येशूच्या नावाने मागते. आमेन.