आधी जामीनकीचं बघू

सिस्टर व्हायचंय, असं तू फोनवर सांगितलंस आणि लगेच बजावलंस की आईला इतक्यात कळता कामा नये. पहिलं ऐकून मला आनंदच झाला, बाय. दुसऱ्याने मात्र झोप उडाली.

पाचारण खरं की खोटं हे ठरवणारी मी कोण? ते फादर बघतील, मठातल्या सिस्टर बघतील. मी फक्त तुझी ताई. म्हणून फादर कदाचित संकोचाने बोलणार नाहीत तेच बोलते.

तू मला मत्तयाचा दहावा अध्याय ऐकवलास, आईबापांपेक्षा मी मोठा असं येशू सांगतो तो. बरोबर आहे, त्यात पळवाट नाही. पण त्याच मत्तयाचा पंधरावा अध्याय कुठे गेला? आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना तोच येशू ढोंगी म्हणतो. आता भावाच्या कॉलेजसाठी काढलेलं कर्ज आठव. जामीन म्हणून सही कोणाची आहे? दर महिन्याला हप्ता कापल्याचा मेसेज कोणाच्या मोबाइलवर येतो? तू गेल्यावर तो हप्ता तुझ्या आईने, माझ्या मावशीने, भाजी विकून भरायचा का? देवाला तू वाहणार स्वतःला, आणि मोजणार मावशी. असा त्याग मला नाही पटत.

आणि हे काही माझ्या पदरचं नाही. चर्चच्या 1983 च्या कायदासंहितेतलं कलम 644 वाच. ज्याला आपलं कर्ज फेडता येत नाही, त्याला नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे मठातल्या उमेदवारीत, घेऊ नये, असं तिथे सरळ लिहिलंय. मला ते वाचून बरं वाटलं. बँकेचा हप्ता म्हणजे काय हे रोमलाही ठाऊक आहे म्हणायचं!

दुसरी गोष्ट जरा लागेल, पण ऐक. तू म्हणतेस, सुखाचा त्याग करायचाय. कोणतं सुख गं? पहाटे पालघरला डब्यात घुसायचं, बोईसरला उतरून रिक्षासाठी रांग लावायची, एमआयडीसीतल्या त्या लॅबमध्ये दिवसभर उभं राहायचं. घरी येतेस तर ओढणीलाही सॉल्व्हंटचा वास. वर मावशी नवीन स्थळ घेऊन बसलेली. याच्यापुढे मठ म्हणजे वेळेवर जेवण, वेळेवर प्रार्थना, आणि लग्नाचं विचारणारं कोणी नाही. तुझ्या बाबतीत आराम तिकडेच आहे, बाय. येशूमागे जातेयस की फर्स्ट शिफ्ट आणि स्थळं या दोन्हींपासून पळतेयस, हे एकदा मिस्सा संपल्यावर मागच्या बाकावर बसून स्वतःला विचार. उत्तर मला सांगू नकोस.

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया बघ. पोरवयात जेझुइटांबरोबर जपानला गेला, पुढे व्यापारात चांगला जम बसला. तो चालता धंदा सोडून मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर गेला. त्याच्याकडे सोडण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं.

मावशीपासून लपवायचं म्हणतेस, त्यावर मला राहून राहून लक्ष्मीबाई टिळक आठवतात. 1895 साली त्यांच्या यजमानांनी, रेव्हरंड टिळकांनी, मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा बाई जवळ नव्हत्या. त्यानंतर काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, काय काय सोसलं ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःच्या बुद्धीला पटल्यावर. टिळकांचा विश्वास खोटा होता असं मी म्हणणार नाही, मोठाच माणूस तो. पण त्या विश्वासाची किंमत आधी बायकोने भरली, हे पुस्तक मिटल्यावरही माझ्या मनातून जात नाही. पुस्तक माझ्याकडे आहे, घेऊन जा.

घाई कसलीच नाही. नोव्हिशिएट निदान बारा महिन्यांचं असतं, आणि त्या काळात कधीही उठून घरी येता येतं. मग पहिलं व्रतही काही वर्षांपुरतंच, कायमचं नंतर. चर्च जर इतकं थांबतं, तर तू कर्ज मिटेपर्यंत थांबलीस म्हणून देव रुसणार नाही. भावाला नोकरी लागली की हप्ता त्याच्या नावावर घ्यायला लाव. एवढं त्याला जमायलाच हवं, घोडा झालाय आता! आणि तोवरही मावशी ‘नाहीच’ म्हणाली, तर मग जा. तेव्हा मी तुला अडवणार नाही, उलट तुझी बॅग मी भरीन. रडणाऱ्या आईकडे पाठ करून जाणं वेगळं आणि तिच्या डोक्यावर कर्ज टाकून जाणं वेगळं.

रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मी घरी येते. बँकेचे कागद काढून ठेव, नुसता मेसेज नको, मंजुरीचं पत्र हवं. आणि मावशीला तू सांगायचंस, मी नाही. मी शेजारी बसेन, चहा करीन, ती ओरडली तर माझ्यावरही ओरडू दे.