दुर्बिणीस मोटर जोडण्याचा पाठ

एका हिवाळ्यांत ढोकी येथें आम्हीं मुलांस गुरु व त्याचे चार मोठे उपग्रह दाखविण्याकरितां दुर्बीण मांडली होती. आरसा २०० मिलिमीटर व्यासाचा, त्याचें फोकसचें अंतर १२०० मिलिमीटर व नेत्रिका १० मिलिमीटरची. म्हणजे वर्धन १२० पट. फोकस जुळविण्याकरितां जो तो घुंडीस हात लावी आणि हात लागतांच गुरु थरथरूं लागे. कारण ग्रहाबरोबर नळीचा कंपही १२० पट मोठा दिसतो. एक लहान मुलगा डोळा लावून मागें सरला व ‘दिसलें’ म्हणाला. मागाहून कळलें कीं, त्यास पांढऱ्या डागावांचून कांहींच दिसलें नव्हतें. रांग खोळंबली म्हणून संकोचानें तो तसें म्हणाला. ही गोष्ट आमच्या मनास लागली व घुंडी मोटरीनें फिरवावी असें ठरलें.

प्रथम गणित पाहूं. १२०० स २०० नें भागिलें असतां ६ येतात. ६ चा वर्ग ३६. त्यास प्रकाशाच्या तरंगलांबीनें, म्हणजे ०.०००५५ मिलिमीटरनें, व पुन्हा सुमारें ५ नें गुणिलें असतां ०.१ मिलिमीटर येतात. एवढ्याच पट्ट्यांत चित्र रेखीव राहतें. आमच्या घुंडीच्या एका फेऱ्यास नळी २० मिलिमीटर सरकते. आम्हीं घेतलेली लहान स्टेपर मोटर ५ व्होल्टवर चालते व एका फेऱ्यास सुमारें २००० पावलें टाकते. म्हणजे एका पावलास नळी ०.०१ मिलिमीटर सरकते. जें हातास साधत नाहीं तें मोटरीस साधतें, तें असें.

‘मायफोकसरप्रो’ नांवाचा आराखडा, म्हणजे तारांच्या जोडणीची आकृति व प्रोग्रॅम, त्याच्या कर्त्यानें सर्वांस खुला ठेविला आहे. तो आर्डुइनो ह्या छोट्या संगणक-पट्टीवर चालतो. ही पट्टी २००५ सालीं इटलींत निघाली व तिची रचनाही खुलीच आहे. एका बाजूची घुंडी काढून तिचा दांडा मोटरीच्या दांड्यास जोडनळीनें आवळावा. दोन्ही दांडे एका रेषेंत असावे, नाहींतर चक्र अडकतें. मोटरीस वीज निराळी द्यावी. बटणें लांब तारेवर ठेवावीं, म्हणजे दुर्बिणीस हात लागत नाहीं.

इतकें करूनही पहिल्या रात्रीं फसगत झाली. नळी आंत नेतांना जो आंकडा बरोबर येई, तोच बाहेर आणतांना चुके. आराखडाच सदोष आहे, असें आम्ही म्हणूं लागलों. शांतपणें पाहतां दोष दंतचक्रांतील ढिलाईचा निघाला. दिशा बदलली कीं कांहीं पावलें ती ढिलाई भरण्यांतच जातात. तिची भरपाई करण्याची सोय प्रोग्रॅममध्यें होती. आम्हींच ती वाचली नव्हती. न वाचतां दुसऱ्यास दोष दिला, ह्याची आम्हांस लाज वाटली. तेव्हांपासून शेवटचें पाऊल नेहमीं एकाच दिशेनें टाकण्याचा नियम आम्हीं केला.

जॉन डॉब्सन हा वेदांत सोसायटीचा संन्यासी होता. तो १९१५ सालीं पेकिंग येथें जन्मला व २०१४ सालीं वारला. त्यानें लांकडी बैठकीची सोपी दुर्बीण योजिली, पण तिचा हक्क स्वतःकडे न राखतां ती जगास दिली. खुल्या आराखड्यांमागें हीच वृत्ति आहे. ज्यानें घेतलें त्यानें कर्त्याचें नांव सांगावें, आणि स्वतःस सांपडलेली चूक व तिचा उपाय पुढच्यास लिहून ठेवावा. म्हणून आमच्या टिपणवहींत कर्त्याचा उल्लेख पहिल्या पानावर आहे व आमची चूक दुसऱ्या पानावर.

पुढें पुन्हा दुर्बीण मांडली. तो मुलगा बटण दाबीत बराच वेळ पाहत राहिला. रांग खोळंबली तरी आम्हीं त्यास उठविलें नाहीं. शेवटीं तो म्हणाला, “सर, तीन एका बाजूस आहेत, आणि एक दुसरीकडे.” आम्हीं पाहिलें, तसेंच होतें.