एकच माप

बोईसरच्या आमच्या साक्षरता वर्गात एका संध्याकाळी वाद झाला. निवडणुकीचे दिवस होते. आदल्या दिवशी जवळच एका उमेदवाराची सभा झाली होती. औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या एका भाऊंनी एक वर्तमानपत्र आणले होते. मासळी विकणाऱ्या एका मावशींनी दुसरे आणले होते. दोघांनाही नवीनच वाचता येऊ लागले होते. त्यामुळे दोघेही ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचत होते.

भाऊंच्या वर्तमानपत्रात छापले होते की सभेला माणसांचा पूर लोटला. मावशींच्या वर्तमानपत्रात छापले होते की सभेत खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

"मावशी, तुमचा पेपर खोटारडा आहे," भाऊ म्हणाले.

"माझा कशाला? तुमचाच कुणीतरी विकत घेतलाय," मावशी म्हणाल्या.

मागे बसलेले एक काका उठले. ते पाड्यावरून चालत वर्गाला येतात. ते म्हणाले, "अहो, भांडता कशाला? मी होतो ना सभेला. पुढं गर्दी होती. मागं खुर्च्या रिकाम्या होत्या. एकानं पुढचा फोटो काढला, दुसऱ्यानं मागचा."

काकांना अजून जोडाक्षरे अडतात. पण त्या दिवशीचा धडा आम्हां सर्वांना त्यांनीच दिला. दोन्ही वर्तमानपत्रांनी खोटे छापले नव्हते. दोघांनीही अर्धेच छापले होते.

दोन पायल्या

भात विकायला गेलो आणि व्यापाऱ्याने घेताना मोठी पायली लावली, देताना लहान लावली, तर आपण काय म्हणू? माप खोटे आहे म्हणू. बातमीचेही तसेच आहे. एका उमेदवाराला एक माप आणि दुसऱ्याला दुसरे माप लावले, तर ती बातमी पक्षपाती झाली.

हे माप कोठे कोठे बदलते ते पाहू.

पहिले, मथळ्यात. मथळा म्हणजे बातमीवरची मोठ्या अक्षरांची ओळ. पुष्कळ लोक तेवढीच वाचतात.

दुसरे, शब्दांत. एक पुढारी "ठणकावून सांगतो", तर दुसरा "बरळतो". एक "म्हणतो", तर दुसरा "दावा करतो". बोलणे दोघांचे सारखेच असते.

तिसरे, जागेत. एकाची सभा पहिल्या पानावर येते. दुसऱ्याची सभा आतल्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळींत संपते.

चौथे, छायाचित्रात. एकाचा हसरा चेहरा छापतात, तर दुसऱ्याचा तोंड वाकडे झालेल्या क्षणाचा.

पाचवे, गप्प राहण्यात. हे ओळखणे सर्वांत कठीण. छापलेले दिसते, न छापलेले दिसत नाही.

आपल्या पालघरची गोष्ट

आता आपल्याच भागातले खरे उदाहरण घेऊ. पालघरचे भाजपचे खासदार चिंतामण वनगा ३० जानेवारी २०१८ रोजी वारले. त्यांच्या जागी २८ मे २०१८ रोजी पोटनिवडणूक झाली. त्या वेळी राज्याच्या सरकारात भाजप आणि शिवसेना एकत्र होते. येथे मात्र ते एकमेकांसमोर उभे राहिले.

वनगांचे चिरंजीव श्रीनिवास वनगा त्याच मे महिन्यात शिवसेनेत गेले आणि तिचे उमेदवार झाले. राजेंद्र गावित काँग्रेसमध्ये होते. तेही त्याच मे महिन्यात भाजपमध्ये गेले आणि भाजपचे उमेदवार झाले. म्हणजे दोन्ही प्रमुख उमेदवार नुकतेच नव्या पक्षात आलेले होते.

येथे माप तपासायला चांगली संधी आहे. एकाच्या पक्षबदलाला "पक्षप्रवेश" म्हणायचे आणि दुसऱ्याच्या पक्षबदलाला "फोडाफोडी" म्हणायचे, असे कोणी केले असेल, तर त्याच्याजवळ दोन पायल्या आहेत असे समजावे. पक्ष बदलणे वाईट असेल, तर दोघांचेही वाईट. त्यामागे काही कारण असेल, तर दोघांचेही कारण छापावे.

त्याच प्रचारात एक ध्वनिफीत गाजली. शिवसेनेचे उद्धव ठाकरे यांनी ती सभेत ऐकवली. त्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे "साम, दाम, दंड, भेद" असे बोल होते. फडणवीसांनी म्हटले की ध्वनिफितीत मोडतोड केली आहे, माझे पूर्ण बोलणे ऐका. अशा वेळी वाचकाने काय करावे? आरोप कोठे छापला आणि उत्तर कोठे छापले, हे पाहावे. आरोप पहिल्या पानावर आणि उत्तर आठव्या पानावर, असे असेल तर माप खोटे.

३१ मे रोजी निकाल लागला. गावितांना २,७२,७८२ मते मिळाली. वनगांना २,४३,२१० मते मिळाली. गावित २९,५७२ मतांनी निवडून आले. बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव तिसरे आले. त्यांना २,२२,८३८ मते मिळाली. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या उमेदवारात सुमारे वीस हजारांचेच अंतर होते. मार्क्सवादी पक्षाचे किरण गहला आणि काँग्रेसचे दामू शिंगडा हेही रिंगणात होते. भाजप-शिवसेनेच्या भांडणाबद्दल आपण त्या वेळी किती वाचले? आणि या बाकीच्या तिघांबद्दल किती वाचले? आठवून पाहा. भांडणाची बातमी चवीने वाचली जाते, म्हणून ती जास्त छापतात.

गोष्ट येथेच संपत नाही. २०१९ साली भाजप आणि शिवसेना यांची युती झाली. पालघरची जागा शिवसेनेकडे गेली. तिचे उमेदवार झाले तेच राजेंद्र गावित! ते ८८,८८३ मतांनी निवडून आले. श्रीनिवास वनगाही त्याच वर्षी शिवसेनेकडून पालघरचे आमदार झाले. वर्षापूर्वी एकमेकांविरुद्ध लढलेले दोघे आता एकाच पक्षात होते.

माणसे तीच, गावेही तीच. मग एका वर्षात एखाद्याचे सगळे दोष गुण झाले का? किंवा गुण दोष झाले का? तसे होत नाही. बदलतो तो लिहिणाऱ्याचा पक्ष. म्हणून जुने वर्तमानपत्र लगेच रद्दीत देऊ नये. निवडणुकीतले दोन-चार अंक जपून ठेवावेत. पुढच्या निवडणुकीत ते काढून वाचावेत. लिहिणाऱ्याने पायली बदलली का, ते तेव्हा कळते.

बाजू घेणे हा गुन्हा आहे का?

आमच्या वर्गातील भाऊंनी विचारले, "गुरुजी, मग वर्तमानपत्रानं बाजू घ्यायचीच नाही का?"

तसे नाही. टिळक आणि आगरकर यांच्या मंडळींनी १८८१ साली 'केसरी' काढला. डॉ. आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायक' काढला. आचार्य अत्र्यांनी १९५६ साली 'मराठा' दैनिक काढले आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी लढवले. या सर्वांनी बाजू घेतली. पण ती उघड घेतली. वाचणाऱ्याला ती ठाऊक होती.

आजही काही पत्रे पक्षांची मुखपत्रे आहेत. मुखपत्र म्हणजे पक्षाचे म्हणणे मांडणारे पत्र. 'सामना' हे १९८८ साली शिवसेनेचे मुखपत्र म्हणून निघाले. 'जीवनमार्ग' हे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे साप्ताहिक आहे. मुखपत्र वाचताना आपण मुखपत्र वाचत आहोत हे लक्षात ठेवले, म्हणजे झाले.

अग्रलेख म्हणजे संपादकाचे मत. मत देण्याचा त्याला हक्क आहे. पण बातमी म्हणजे घडलेली गोष्ट. बातमीचा अंगरखा घालून मत आले, की तेथे फसवणूक सुरू होते.

ज्याची खावी पोळी

आपल्याकडे म्हण आहे: ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. वर्तमानपत्राला कागद, शाई, पगार यांचा खर्च असतो. आपण देतो त्या चार-पाच रुपयांत तो भागत नाही. तो मुख्यतः जाहिरातींतून भागतो. पुष्कळ ठिकाणी तालुक्याच्या बातमीदारालाच जाहिराती मिळवाव्या लागतात. ज्याच्याकडे सकाळी जाहिरात मागायची, त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बातमी कशी लिहायची? या अडचणीत पुष्कळ बातमीदार सापडतात. तरीही सरळ लिहिणारे असतात. त्यांचा मान ठेवावा.

याहून वाईट प्रकार म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी. जाहिरातीवर "जाहिरात" असे लिहिलेले असते. येथे तसे काही लिहीत नाहीत. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू' या इंग्रजी दैनिकात असा प्रकार उजेडात आणला. त्या वेळचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर तीन मोठ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा आला होता. चव्हाणांनी आपल्या हिशेबात वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये दाखवला होता. आपण बातमीसाठी पैसे दिले, हे त्यांनी नाकारले. २०१४ साली निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस दिली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

पाहा, आम्ही येथे नोटीसही सांगितली आणि ती रद्द झाली हेही सांगितले. एकच सांगितले असते, तर आमचीही पायली खोटी ठरली असती.

आता निवडणुकीच्या काळात प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समिती असते. पैसे देऊन छापलेल्या बातम्यांवर ती नजर ठेवते. असा प्रकार ठरला, तर त्याचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरतात. आपल्या राज्यात खर्चाची मर्यादा २०२२ पासून लोकसभेला ९५ लाख रुपये आणि विधानसभेला ४० लाख रुपये आहे. मतदारांसाठी १९५० हा फोन क्रमांक आहे. त्यावर चौकशी आणि तक्रार करता येते. निवडणुकीच्या पत्रकावर छापणाऱ्याचे आणि प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव व पत्ता असावा, असा कायदा आहे. नाव नसलेले पत्रक हातात आले, तर आधी तेवढेच पाहावे.

आपल्या डोळ्यांतले कुसळ

आता थोडे स्वतःकडे पाहू. आपल्या आवडत्या पुढाऱ्यावर टीका आली, की आपण म्हणतो, "पेपर विकला गेला." त्याची खोटी स्तुती आली, तर आपण काहीच म्हणत नाही. उलट ते पान चार जणांना दाखवतो. मग दोन पायल्या कोणाच्या घरात आहेत?

यासाठी आम्ही वर्गात एक सोपा उपाय करतो. बातमी वाचायची. मग दोन्ही उमेदवारांची नावे अदलाबदल करून तीच बातमी पुन्हा वाचायची. आता ती तितकीच खरी वाटते का? तेच शब्द योग्य वाटतात का? वाटत असतील, तर बातमी सरळ आहे. राग आला, तर बातमी वाकडी असेल किंवा आपण तरी वाकडे असू. दोन्ही तपासावे.

मोबाईलवर येणाऱ्या बातमीलाही हाच नियम लावावा. तेथे तर पुष्कळ वेळा लिहिणाऱ्याचे नावही नसते. वर्तमानपत्रावर निदान संपादकाचे, मालकाचे आणि छापखान्याचे नाव बारीक अक्षरांत असते. ते शोधून वाचावे. लिहिणारा कोण, हे कळले म्हणजे अर्धे वाचन झाले.

मावशींचा प्रश्न

त्या संध्याकाळी वर्ग सुटताना मावशी म्हणाल्या, "दोन्ही पेपर वाचले. खुर्च्या कळल्या, गर्दी कळली. पण तो उमेदवार बोलला काय, ते कुठंच नाही."

आम्ही दोन्ही अंक पुन्हा उघडले. मावशींचे खरे होते. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली. किनाऱ्यावरचे कितीतरी मच्छीमार त्या बंदराच्या विरोधात उभे राहिले. तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी खाडीत जाते, ही तक्रार जुनी आहे. पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट होते. यांवर उमेदवाराचे म्हणणे काय? तो आधी काय बोलला होता? त्याने काय केले? एवढे कळले, तर मत देता येते. खुर्च्या मोजून मत देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींनी पाटीवर तीन प्रश्न लिहून आणले. पाणी, खाडी, बंदर. उमेदवाराची माणसे दारात आली, तेव्हा त्यांनी पाटीच पुढे धरली. वर्तमानपत्रात ते आले नाही. पण मावशींना जे विचारायचे होते ते त्यांनी विचारले, आणि मिळालेली उत्तरे पाटीच्या मागे लिहून ठेवली.

शब्दार्थ

पक्षपाती: एकाच बाजूचे.
मुखपत्र: पक्षाचे म्हणणे मांडणारे पत्र.
अग्रलेख: संपादकाचे मत सांगणारा लेख.
पोटनिवडणूक: रिकाम्या झालेल्या जागेसाठी मधेच होणारी निवडणूक.

करून पाहा

१. एकाच दिवशीची दोन वर्तमानपत्रे घ्या. एकाच सभेची बातमी दोन्हींत वाचा. कोणती गोष्ट एकात आहे आणि दुसऱ्यात नाही?
२. एका बातमीतली उमेदवारांची नावे अदलाबदल करून मोठ्याने वाचा. कोणता शब्द खटकला?
३. वर्तमानपत्रावर संपादकाचे नाव कोठे छापले आहे ते शोधा आणि वहीत लिहा.
४. आपल्या गावासाठी उमेदवाराला विचारायचे तीन प्रश्न लिहा.