मुलाची पहिली नोकरी



शिरूर-दौंड भागात उसाच्या नोंदीला फिरताना आम्हांला हमखास विचारतात, "साहेब, पोरगं दहावी झालं. रांजणगावला गेलं तर अनुभव मागतात. तो आणायचा कुठनं?"

प्रश्न रास्त आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने वाट ठेवली आहे. आय.टी.आय. करून कारखान्यात शिकाऊ म्हणून लागावे. काही कामांत थेटही घेतात. विद्यावेतन मिळते, हाताला काम कळते. तोच पहिला अनुभव.

वय १४ पूर्ण हवे. धोक्याच्या उद्योगात १८. तेव्हा कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यात सोळा वर्षांचे पोर ठेकेदाराच्या शब्दावर धाडू नका. मध्यस्थाला पैसे देऊ नका.

अर्जात मुलाने घरच्या मोटारीचे, ठिबकाचे केलेले काम जरूर लिहावे. अडले तर गट ऑफिसात या, मिळून भरू.