अलाइनमेंट करूनही गाडी ओढते

प्रश्न : नाणेघाटाकडे जाताना माझ्या थारचं पुढचं डावं चाक दगडावर आदळलं. तेव्हापासून गाडी डावीकडे ओढते, स्टिअरिंग वाकडं राहतं. दोनदा अलाइनमेंट केलं, फरक नाही. चासी वाकली असेल का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : घाबरू नका. चासीच्या आधी बहुधा टाय रॉड किंवा लोअर आर्म वाकतो. अलाइनमेंट म्हणजे कोनांची जुळवणी. वाकलेलं लोखंड त्यानं सरळ होत नाही, मग तिसऱ्यांदा पैसे कशाला घालवायचे?

आधी पुढचे दोन टायर आपसांत बदला. ओढीची बाजू बदलली तर दोष टायरचा. नाही बदलली तर चाकं सरळ ठेवून, चाक आणि मडगार्डमधलं अंतर दोन्ही बाजूंना टेपनं मोजा. डावं चाक मागे सरकलेलं दिसलं तर आर्म किंवा त्याचा बुश तपासायला सांगा. अलाइनमेंटचा छापील कागदही मागून घ्या: टो जुळलाय, पण कॅम्बर-कॅस्टरमध्ये डाव्या-उजव्याची मोठी तफावत आहे, तर आर्म किंवा स्टिअरिंग नकल वाकल्याचा संशय बळावतो. चासीची मापं त्यानंतर.

वाकलेला भाग तापवून, ठोकून सरळ करून देणारे भेटतील. ऐकू नका, नवाच बसवा. तोवर गाडी घाटात नेऊ नका.