बॅकअप उतरवून पाहिलास का?

किन्हवली, ता. शहापूर

चि. बाळूस,


परवा सरळगावच्या लग्नात तुझ्या ऑफिसातला पोरगा भेटला. म्हणाला, "बाळूदादा बिनधास्त आहे. तीन रेप्लिका चालू असताना बॅकअपची कटकट कशाला, म्हणतो." त्यानंतर पंगतीत घास गोड लागला नाही. खरंच असं म्हणालास?

अरे, रेप्लिका फार आज्ञाधारक असते. प्रायमरीवर, म्हणजे मूळ डेटाबेसवर, चुकून टेबल उडवलंस, की तिन्हीकडून उडालं. यंत्र बंद पडलं तर ती तारेल. माणूस चुकला तर चूकच इमानाने उतरवून घेईल. आपल्या मुरबाडच्या जमिनीचं आठव. फेरफारावरून सातबारा लिहिताना तुझ्या आजीचं नाव गळलं आणि पुढे संगणकावरही तसंच चढलं. जो उतारा काढावा तो आधीच्याशी तंतोतंत जुळायचा, म्हणून आपलं कोणी ऐकेना! शेवटी जुना हस्तलिखित फेरफार सापडला, तेव्हा कुठे जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली दुरुस्ती झाली.

गिटलॅबचं तर तुला ठाऊकच असेल. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. त्यांचा इंजिनीअर मागे पडलेल्या रेप्लिकेची डिरेक्टरी पुसायला गेला आणि पुसली प्रायमरीची. सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले. रोजचे बॅकअप आवृत्ती न जुळल्याने होतच नव्हते, आणि तसं कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट योगायोगाने हाताशी होता, म्हणून निभावलं.

तेव्हा 'बॅकअप असतो' असं मला सांगू नकोस. दुसऱ्या सर्व्हरवर उतरवून पाहिलास का? शेवटचा कधी?

तुझ्या वयात बँकेत असताना साहेबांना "एकदा रिस्टोअर करून बघू" म्हणायची मला भीड वाटायची. टेपा कपाटात रचायच्या, कुलूप लावायचं, आणि घरी येऊन तळमळायचं. आजी दरवर्षी म्हशाच्या यात्रेला बोलवायची. टेपांच्या धास्तीपायी बँक सोडून कधी गेलो नाही. ती गेल्यावर मात्र रजा मिळाली.

रागावलो, मनावर घेऊ नकोस. चूक कोणाचीही होते, नोकरीही दुसरी मिळते. पण रात्री तीनला तू एकटा त्या पडद्यापुढे घाम पुसत बसलायस, असं सारखं डोळ्यांपुढे येतं. तशी वेळ आली तर काही टाइप करण्याआधी मला फोन कर. आजचं मला फारसं कळणार नाही, पण कोणत्या सर्व्हरवर बसलायस ते मोठ्याने वाचायला तरी लावीन.

आणि बॅकअपचं तेवढं बघ.

पौष पौर्णिमेला ये, म्हशाला जाऊ. तुझ्या आईला घोंगडी घ्यायची आहे. आसनगावला उतरलास की कळव, न्यायला येतो.

तुझा,
मामा